नकार कोणी द्यावा?

गोदावरीच्या उत्तर तीरावरील मंचेरियल हे शहर काझीपेठेहून बल्लारपूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर आहे. महाराष्ट्रातून दक्षिणेस जाणाऱ्या प्रवाशाला त्याची चाहूल लागते ती कोळशाच्या वाघिणींवरून. बेल्लमपल्ली, मंदामर्री, श्रीरामपूर ही सिंगरेणीच्या खाणींची गावे याच टापूत आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत मंचेरियल आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. आणि त्याच जुन्या जिल्ह्यात १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुकेही होते. सीमा बदलल्या, तरी व्यवहार तुटला नाही. प्राणहितेपलीकडील सिरोंच्याच्या रोग्याला आजही नागपूरपेक्षा मंचेरियल किंवा वारंगळ जवळचे वाटते.

खाणीच्या मुलखात रुग्णालय ही नित्याची वाट असते. तेथील खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात आजाराइतकाच दुसरा एक प्रश्न घोळत असतो : खर्च मंजूर होईल की नाही? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर कारकून किंवा डॉक्टर देत असे. आता ते पुष्कळदा संगणकाकडून येते. अनेक आरोग्यविमा कंपन्यांनी दावे तपासण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्ता योजण्यास आरंभ केला आहे, आणि या यंत्राला कोणत्या नियमांनी बांधावे याची चर्चा जगभर चालू आहे. प्रश्न नवा दिसतो. पण त्याचा गाभा किमान शंभर वर्षांचा जुना आहे, आणि त्या शंभर वर्षांत या देशाने त्याचे काही उत्तरही शोधून ठेवले होते. ते उत्तर आज विस्मृतीत जाऊ पाहत आहे.

खाणीत कामगाराचा अंगठा तुटला, तर त्या अंगठ्याची भरपाई किती? विसाव्या शतकाच्या प्रारंभी हिंदुस्थानात या प्रश्नाला कायद्याचे निश्चित उत्तर नव्हते. जखमी कामगाराने दिवाणी न्यायालयात जावे, मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा आणि मग मिळेल ते पदरात घ्यावे, अशी स्थिती होती. ज्याला वकील परवडत नाही आणि ज्याचे साक्षीदार त्याच मालकाचे नोकर आहेत, त्याच्या दृष्टीने हा हक्क कागदावरचाच होता. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अंमलात आला. या कायद्याच्या परिशिष्टात एक कोष्टक दिलेले होते. कोणता अवयव गेला असता मिळकतीची शक्ती शेकडा किती घटली असे धरावे, याचा तो तक्ता होता. पुढील काळच्या तक्त्यात अंगठ्यासाठी ३० टक्के हा आकडा होता. दोन्ही हात गेले तर १००.

माणसाच्या देहाचा असा हिशेब मांडणे प्रथमदर्शनी निष्ठुर वाटते. संगीताच्या साथीला बसणाऱ्याचा अंगठा आणि कोळसा भरणाऱ्याचा अंगठा यांना एकच भाव लावणारे हे कोष्टक एका अर्थी आंधळेच होते. तरीही कामगार चळवळीने ते स्वीकारले, याची कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले कारण असे की, कोष्टक उघड होते. ते कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. मालकाच्या तिजोरीत दडवलेले नव्हते. ज्याला वाचता येत नव्हते त्याला ते दुसऱ्याकडून वाचून घेता येत होते. दुसरे कारण, कोष्टकाच्या शेजारी एक माणूस बसविलेला होता. वाद उत्पन्न झाल्यास आयुक्ताने दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यावयाचा होता, आणि कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात अपील करण्याची सोय होती. मालक व कामगार यांनी आपसात तडजोड केली, तरी ती आयुक्ताकडे नोंदवावी लागे. रक्कम अपुरी आहे किंवा दडपणाखाली मान्य करवून घेतली आहे असे आढळल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार त्याला होता. मृत कामगाराच्या वारसांची रक्कम तर मालकाने परस्पर न देता आयुक्ताकडेच भरावयाची होती. बलिष्ठ आणि दुर्बल यांच्यातील करार हा बरोबरीचा करार नसतो, हे कायद्याने जाणले होते.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. काही रोग विशिष्ट धंद्यातूनच उद्भवतात. अशा रोगांची एक यादी कायद्याला जोडलेली होती. त्या धंद्यात ठराविक काळ काम केलेल्या माणसाला यादीतील रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावयाचा, असा नियम होता. म्हणजे जेथे संशय होता तेथे कायद्याचे पारडे रोग्याच्या बाजूने झुकत होते. पुढे दगड-कोळशाच्या धुळीने जडणाऱ्या फुप्फुसाच्या विकारांनाही या यादीत स्थान मिळाले. मंचेरियलच्या परिसरात या एका नियमाचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आले, आणि त्यानंतर हे केंद्रीय कायदे या खाणींच्या मुलखासही लागू झाले.

नुकसानभरपाई ही अपघातानंतरची गोष्ट. आजारपणासाठी आधीच तरतूद करून ठेवण्याची कल्पना जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कायद्यात आणली होती. हिंदुस्थानात ती यावयास महायुद्धाचा काळ उजाडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४३ साली, प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. खाणींना हा कायदा लागू नव्हता. खाणकामगारांच्या औषधोपचाराची व्यवस्था खाण कंपन्यांच्या रुग्णालयांतून होत राहिली. परंतु या कायद्याची घडण पाहिली, तर १९२३ चेच सूत्र त्यात पुढे नेलेले दिसते. कामगार किती अपंग झाला हे वैद्यकीय मंडळाने ठरवावे, त्यावर अपील असावे आणि वादासाठी स्वतंत्र विमा न्यायालय असावे. हे दोन्ही कायदे आज स्वतंत्रपणे अस्तित्वात नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते विलीन झाले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायद्यांची नावे अशी बदलत राहतात. त्यांच्यामागील तत्त्व टिकते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मध्यमवर्गाच्या दारी आरोग्यविमा आला तो निराळ्या वाटेने. १९७३ च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि शंभराहून अधिक कंपन्या चार कंपन्यांत एकवटल्या. या चार कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी काढली. येथे हक्काचा उगम कायद्याच्या परिशिष्टात राहिला नाही. तो करारात आला. करार विमा कंपनीने लिहिलेला, बारीक अक्षरांत छापलेला, आणि घेणाऱ्याने बहुधा न वाचलेला. कोष्टक होतेच, परंतु ते आता कंपनीचे होते.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक रूप आले आणि खासगी कंपन्यांना दार खुले झाले. २००१ मध्ये त्रयस्थ प्रशासकांसाठी, म्हणजे ज्यांना रुग्णालयांत सर्रास टीपीए म्हणतात त्यांच्यासाठी, नियम झाले. कंपनी पैसे देणार, रुग्णालय उपचार करणार आणि या दोघांच्या मधे कागद तपासणारा तिसरा बसणार, अशी ही रचना. या तिसऱ्याने दावा फेटाळला, तर जाब कोणाला विचारावयाचा? कंपनी टीपीएकडे बोट दाखवी आणि टीपीए पॉलिसीकडे. या अनुभवातूनच २०१६ च्या आरोग्यविमा नियमांत एक महत्त्वाचे बंधन घालण्यात आले : दावा नाकारल्याचे कळवावयाचे ते विमा कंपनीनेच, आणि तेही पॉलिसीतील नेमक्या अटीचा निर्देश करून. कागद कोणीही तपासावेत, परंतु नकाराखाली सही मात्र कंपनीचीच असावी, असा त्याचा आशय होता. आज टीपीएच्या जागी यंत्र येऊ पाहत असताना या नियमाची आठवण ठेवणे उपयोगाचे आहे.

गरिबांसाठी आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ रोजी आरोग्यश्री योजना तीन जिल्ह्यांत सुरू झाली आणि थोड्याच काळात राज्यभर पसरली. याच नमुन्यावर महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत सीमेवरचे गडचिरोली आणि नांदेड हे जिल्हे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. शस्त्रक्रियांची यादी, प्रत्येकीचा ठरलेला दर आणि संगणकावरून मिळणारी पूर्वमंजुरी ही या योजनांची कार्यपद्धती. तिने लक्षावधी कुटुंबांना सावकाराच्या दारापासून वाचविले, यात शंका नाही. तेलंगणातील आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

परंतु या योजनेच्या दाराशी एक चावी लागत असे. गरिबीचा पुरावा म्हणून दीर्घकाळ शिधापत्रिकाच ग्राह्य धरली जाई. आणि तेलंगणात नेमके याच ठिकाणी यंत्राने माणसाची जागा घेतली. २०१४ मध्ये राज्य स्थापन झाल्यानंतरच्या वर्षांत शासनाच्या निरनिराळ्या खात्यांतील नोंदी एकत्र जुळवून कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरविण्यास आरंभ झाला. ही पद्धत पुढे ‘समग्र वेदिका’ या नावाने प्रसिद्ध झाली. नाव, पत्ता, वाहन, जमीन, विजेचे बिल अशा नोंदींचा मेळ घालून यंत्र कुटुंबाचे चित्र तयार करी. एकाच नावाची दोन माणसे एकाच गावात असतात, आणि एकाची मोटार दुसऱ्याच्या नावावर लागू शकते, ही गोष्ट यंत्राला कशी कळावी? सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. पुष्कळांना सूचनाही मिळाली नाही. ज्याची पत्रिका गेली त्याचा तांदूळ तर गेलाच, पण आजारपणात रुग्णालयाचे दारही बंद होण्याचे भय उभे राहिले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. फेरतपासणीत जुलै २०२२ पर्यंत सुमारे दोन लाख अर्ज तपासून झाले. त्यांतील पंधरा हजारांहून अधिक कुटुंबे चुकीने वगळली गेल्याचे निष्पन्न झाले. शेकडा सात-साडेसात हे प्रमाण आकडेवारीच्या दृष्टीने कोणास लहान वाटेल. पण चूक ज्याच्या घरी उतरते त्याच्यापुरती ती शंभर टक्केच असते. आणि ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, ही चूक यंत्राने दाखविली नाही. घरोघर गेलेल्या माणसांनी ती शोधून काढली.

यावरून यंत्र म्हणजे अनर्थच, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. आरोग्ययोजनांत लबाडी चालते, हे सर्वश्रुत आहे. आयुष्मान भारत योजनेवरील महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात एकाच मोबाईल क्रमांकाशी जवळजवळ साडेसात लाख लाभार्थी जोडलेले आढळले. लाखो बिलांच्या ढिगातून एकाच शस्त्रक्रियेची दोन बिले किंवा अशक्य तारखा हुडकून काढणे हे माणसाच्या आवाक्यातले काम नाही. यंत्र ते क्षणात करते. साधा, निर्विवाद दावा यंत्राने पाच मिनिटांत मंजूर केला, तर रोग्याचे नातेवाईक त्याचे आभारच मानतील. पण याच अहवालाची दुसरी बाजूही आहे. ज्या नोंदी इतक्या सदोष आहेत, त्याच नोंदी शिकून यंत्र शहाणे व्हावयाचे आहे.

येथे यंत्राच्या रीतीचा थोडा विचार केला पाहिजे. १९२३ चे कोष्टक माणसांनी बसून ठरविले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे कोष्टक कोणी लिहीत नाही. मागील लक्षावधी दाव्यांचे निकाल पाहून ते यंत्रात आपोआप तयार होते. मागे जे नाकारले गेले, त्याच्यासारखे दिसेल ते पुढेही संशयास्पद ठरते. समजा, खाणीतून निवृत्त झालेल्या एखाद्या कामगाराने खासगी पॉलिसी घेतली आणि पुढे श्वासाच्या विकाराने तो रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या जुन्या कागदांत कोठे तरी ‘खोकला’ असा एक शब्द आहे. यंत्र त्या शब्दावरून आजार पॉलिसीपूर्वीचा होता आणि तो लपविला, असा तर्क करू शकते. ज्या फुप्फुसाच्या बाबतीत जुन्या कायद्याने संशयाचा लाभ रोग्याला दिला होता, त्याच फुप्फुसाच्या बाबतीत संशय आता रोग्याच्या विरुद्ध जातो. पुराव्याचा भार मालकाच्या खांद्यावरून उतरून रोग्याच्या खाटेवर येऊन पडतो, आणि हा बदल कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नसतो.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत एका मोठ्या विमा कंपनीसंबंधी ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने मार्च २०२३ मध्ये वृत्त प्रसिद्ध केले. २०२२ मधील दोन महिन्यांत कंपनीच्या डॉक्टरांनी तीन लाखांहून अधिक दावे संगणकाच्या शिफारशीवरून नाकारले आणि प्रत्येक दाव्यास सरासरी १.२ सेकंद दिले, असे त्यात म्हटले होते. कंपनीने या आरोपाचा इन्कार केला. परंतु त्या वृत्तातून एक गोष्ट पुढे आली : नकारावर डॉक्टरची सही असणे एवढ्याने भागत नाही, सही करण्यापूर्वी त्याने कागद वाचला पाहिजे. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. उपचार वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक नाही असे सांगून नकार द्यावयाचा असेल, तर तो निर्णय परवानाधारक डॉक्टरने किंवा त्या विषयातील अधिकृत व्यावसायिकानेच घ्यावा. यंत्राने केवळ समूहाच्या आकड्यांवर विसंबू नये, त्या रोग्याचा स्वतःचा वैद्यकीय इतिहास पाहावा, असे त्यात सांगितले आहे.

भारतात काय स्थिती आहे? विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने कॅशलेस उपचाराच्या विनंतीवर एका तासाच्या आत निर्णय आणि रुग्णालयातून सुटताना तीन तासांच्या आत अंतिम मंजुरी देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. विलंबामुळे रुग्णालयाने जादा आकार लावल्यास तो कंपनीने सोसावयाचा आहे. त्याच परिपत्रकानुसार दाव्यांच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीच्या मान्यतेवाचून कोणताही दावा नाकारता येत नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याची सबब पुढे करता येत नाही. त्याखेरीज १९९८ च्या नियमांनी निर्माण झालेले विमा लोकपाल आहेत. त्यांच्याकडे वकिलाशिवाय आणि शुल्काशिवाय तक्रार करता येते. वैयक्तिक विदासंरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात, ज्या माहितीवरून माणसाविषयी निर्णय घ्यावयाचा ती अचूक व पूर्ण असावी, असे कलम आहे. त्याची मुख्य कलमे टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी ठरविले.

ही साधने मौल्यवान आहेत. पण तासाभरात उत्तर देण्याचे बंधन आणि हजारो दावे यांचा मेळ घालावयाचा, तर कंपनी यंत्राकडे वळणारच, हे उघड आहे. वेगाचा नियम जितका कडक, तितके यंत्राचे आकर्षण अधिक. मग समितीसमोर येणारा कागद कोणी तयार केला, यंत्राने काय सुचविले, समितीने किती वेळा यंत्राच्या विरुद्ध मत दिले, याची नोंद राहिली नाही, तर समितीची मान्यता ही केवळ शिक्का ठरेल. मंचेरियलच्या माणसाला लोकपालाचे कार्यालय सुमारे अडीचशे किलोमीटरवर हैदराबादेत आहे. तेथवर जाण्यासाठी आधी आपल्याला नकार कोणत्या कारणाने मिळाला हे त्याला समजले पाहिजे. नकाराचे पत्र इंग्रजीत आणि सांकेतिक आकड्यांत आले, तर त्याचा हक्क पुन्हा कागदावरच राहतो. त्याच्या दृष्टीने १९२३ पूर्वीचीच स्थिती परत येते.

म्हणून नवे नियम करताना जुन्या कायद्याची तीन सूत्रे पुढे ठेवली, तरी बरेच साधेल. यंत्र ज्या निकषांवर दावा तोलते ते निकष उघड असावेत. निदान नियामकाला तरी ते तपासता यावेत. दुसरे, होकार यंत्राने द्यावयास हरकत नाही. परंतु नकार माणसाने द्यावा, नावानिशी द्यावा आणि दावेदाराच्या भाषेत, मग ती तेलुगू असो, मराठी असो वा उर्दू, त्याचे कारण सांगावे. तिसरे, जेथे संशय उरतो तेथे पुराव्याचा भार यंत्र वापरणाऱ्यावर असावा. यांतील एकही गोष्ट यंत्राच्या प्रगतीला अडसर घालणारी नाही. १९२३ च्या कोष्टकाने कारखाने बंद पडले नाहीत, आणि भरपाईच्या भीतीने यंत्रांना कठडे बसविण्यास मालकाला एक कारण मिळाले.

मंचेरियलला २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे शिकणारे विद्यार्थी उद्या डॉक्टर होतील. त्यांतील काही विमा कंपन्यांच्या कार्यालयांत बसून याच कोळशाच्या मुलखातील दावे पाहतील. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर यंत्राची शिफारस आधीच उमटलेली असेल, आणि तिच्याखाली संमतीची खूण करण्यास एक क्षण पुरेल. तो क्षण वाढवून त्या कागदामागचा माणूस पाहण्याची सवड त्यांना राहावी, आणि न पाहता खूण केल्यास जाब विचारला जावा, एवढी तजवीज कायद्याने केली पाहिजे. खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाने ‘का?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देणारे कोणी तरी आत असले पाहिजे.